बिनकुलपाच्या घरातले कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे. माझ्या पोटात सात लिव्हर आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी जी फजिती झाली ती ऐकताना तुम्ही ते विसरून जाल.

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षे महाडच्या बाजारात एका दुकानाच्या खिळ्याला लटकून गेली. दुकानदार मला हातात घेऊन गिऱ्हाइकाला म्हणे, "हे फोडायला चोराला सासुरवाडीची माणसं बोलवावी लागतील!" ते ऐकून माझी छाती फुगायची. मला वाटायचे, आपल्या नशिबी एखादी पेढी आहे, निदान सोनाराचे दुकान तरी. पण मला विकत घेतले सुनीलने. सुनील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर जाई आणि सुट्टीला डोंगरमाथ्यावरच्या आपल्या वाडीत येई. तिथे त्याचे आईवडील, साळूबाई आणि आबाजी, चार म्हशी आणि पुष्कळ शेळ्या राखून होते.

चढ चढून मी घरी पोचलो. साळूबाईने मला उलटेसुलटे करून पाहिले.

"ह्यो काय रे आनलास?"

"कुलूप, आये. भाईर जाताना दाराला लावायचं."

"आनी कोन वर चढून आला तर? त्यानं पानी कुठनं प्यायचं, तुज्या कुलपातनं?"

त्या वाडीची रीत मला तेव्हा कळली. घरातली माणसे बाहेर गेली की कोयंड्यात नुसती काठी अडकवायची, तीसुद्धा शेळ्या आत शिरू नयेत म्हणून. दाराच्या आत पाण्याचा हंडा आणि गुळाचा डबा ठेवलेला असे. चढून दमलेल्या कोणीही आत यावे, गूळ खावा, पाणी प्यावे. हंडा रिकामा झाला तर झऱ्यावरून भरून आणून ठेवावा. आणि जाताना कोयंड्यात एक हिरवे पान खोचावे, म्हणजे घरच्यांना कळते की कोणी येऊन गेले. रानातून परतल्यावर पान दिसले की साळूबाईचा चेहरा असा खुलायचा, जणू माहेरचे कोणी भेटून गेले.

अशा घरात माझे काय होणार! मला करवंदाच्या लोणच्यावर दाब म्हणून ठेवले. माझा हातोडा करून खुंट्या ठोकल्या. एका उनाड रेडकाच्या दाव्याला मला बांधले, तर ते मला घेऊनच पळाले. आबाजी माझ्या किल्लीने कान कोरत आणि डोळे मिटून म्हणत, "झ्याक वस्तू आनली हो पोरानं!" सात लिव्हरची ही कदर.

मग सुनीलच्या लग्नाची बोलणी निघाली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला गोमाजींची वाडी, त्यांची मुलगी सुप्रिया. एका जत्रेत दोघांनी एकमेकांना पाहिले होते, आणि तेव्हापासून सुनील भाकरी खाता खाता हसायचा. मुलीकडच्यांवर छाप पडावी म्हणून त्याने रंगीत टीव्ही घेतला आणि डोक्यावरून वाडीत आणला. आता टीव्ही आला म्हणजे चोर येणार, हे त्याने स्वतःच ठरवले.

पुढच्याच आठवड्यात सारी वाडी बिरवाडीला एका लग्नाला निघाली. "तुम्ही व्हा पुढं," म्हणून सुनील मागे राहिला. त्याने काठी काढली आणि मला कोयंड्यात अडकवून किल्ली फिरवली. खट्! मित्रांनो, तो आवाज ऐकायला मी जन्म घेतला होता. मी ताठ लटकून राहिलो आणि रस्त्यावरच्या कोंबड्यांकडेसुद्धा संशयाने पाहू लागलो.

ऐन दुपारी एक उंच म्हातारा धापा टाकीत वर आला. त्याने सवयीने काठी काढायला हात घातला, तर हाताला मी लागलो. मी जाम. त्याने मला हलवले, ओढले, शेवटी ओट्यावर बसून घाम पुसला. मला वाटले, पकडला चोर! थोड्या वेळाने तो उठला, कुंपणाचे एक पान तोडले, माझ्या कडीत खोचले आणि तसाच तहानलेला उतरून गेला.

चोर कधी पान खोचतो का? तेव्हा मात्र मला कसेसेच झाले.

संध्याकाळी घरची माणसे परतली. साळूबाईने आधी मला पाहिले, मग पान पाहिले. तेवढ्यात म्हशी घेऊन शेजारचा भागोजी आला. तोच काय तो लग्नाला गेला नव्हता.

"गोमाजी आलता, न सांगता घर बघायला. वाटंत माज्याकडं पानी प्याला. म्हनला, ज्या घराला कुलूप लागतं त्या घरात माजी पोरगी देनार नाय."

साळूबाईने सुनीलकडून किल्ली घेऊन मला उघडले. तिने हंडा उचलून ओट्यावर आणून ठेवला आणि रात्रभर तो तिथेच राहू दिला. आबाजींनी त्या दिवशी कान कोरले नाहीत.

पुढच्या सुट्टीला सुनील इस्त्रीचा शर्ट घालून, मला खिशात टाकून गोमाजींच्या वाडीवर गेला. काय बोलायचे ते वाटभर घोकत होता. पण घरात कोणी नव्हते. कोयंड्यात काठी होती. हाका मारून झाल्या, घसा सुकला. मग त्याने काठी काढली, आत जाऊन गूळ खाल्ला आणि पाणी प्याला. हंड्यात होतेच थोडे, ते संपले.

आता दुसरा कोणी असता तर पान खोचून ओट्यावर बसला असता. सुनीलने हंडा उचलला आणि विचारत विचारत झरा गाठला. तिथे बायकांची ही गर्दी! इस्त्रीच्या शर्टातला परका तरुण हंडा भरून डोक्यावर चढवतो आहे, हे पाहून त्या हसून हसून लोळल्या. त्यांत सुप्रियाही होती.

"अवो पावनं, डोस्क्यावर चुंबळ तरी घ्या," ती म्हणाली आणि स्वतःच्या डोक्यावरची चुंबळ काढून दिली.

निम्मे पाणी अंगावर सांडत सुनील वर पोचला, तर ओट्यावर गोमाजी बसलेले. खिशात मीही भिजून चिंब.

"पानी भराया कुनी सांगितलं?"

"कुनी नाय, मामा. मी रिकामा केला, म्हून भरला."

"आनी त्या दिशी कुलूप कुनी लावलं?"

सुनीलने मला किल्लीसकट खिशातून काढून त्यांच्या हातात दिले. "मी लावलं. आयला ठाव नव्हतं. तिच्या दाराला कदी लागलं नाय. तिला बोल लावू नका."

गोमाजींनी हंड्यात डोकावून पाहिले, मग सुनीलच्या ओल्या शर्टाकडे पाहिले. "कुलूप बाजारातनं आनलंस, पर ही पानी भरायची रीत घरातनं घेऊन आलास," ते म्हणाले. "बस. च्या घे."

लग्न ठरले. त्या दिवशी गोमाजी संध्याकाळपर्यंत मला लावत आणि उघडत बसले होते. इतके काम मला आयुष्यात कधी मिळाले नव्हते.

पुढे सुनील आणि सुप्रियाने कारखान्याजवळ, बिरवाडीत भाड्याची खोली घेतली. टीव्ही तिथे आला, मीही आलो. म्हटले, आता चाळ आहे, परकी माणसे आहेत, आता आपले दिवस आले! पहिल्याच दिवशी सुप्रियाने मला लावले आणि किल्ली शेजारच्या खिळ्याला टांगली.

"अगो, किल्ली हितंच ठेवलीस तर कुलूप कशाला?" सुनीलने विचारले.

"वाऱ्यानं दार आपटतं," ती म्हणाली.

तो हसला, पण किल्ली त्यानेही काढली नाही.

पलीकडच्या खोलीत चंदन राहतो. तो परराज्यातून आलेला, एकटा. पाळीवरून येईपर्यंत त्याच्या नळाचे पाणी गेलेले असते. तो किल्ली घेतो, मला उघडतो, पाणी पितो, सकाळी पाणी आले की हंडा भरतो. एकदा डब्यातली साखर गेली होती, पण दुसऱ्या दिवशी वाटीभर परत आली. पानाची रीत सुप्रियाने त्याला शिकवली. चाळीत झाड नाही, म्हणून तो माझ्या कडीत कोथिंबिरीची काडी खोचतो. सुप्रिया ती कौतुकाने पाहते आणि आमटीत घालते.

मित्रांनो, माझ्या हातून आजवर एकही चोर पकडला गेला नाही. आता गंज चढतो आहे, एक लिव्हर कुरकुरतो. पावसाळ्याआधी आपल्या कुलपांना तेलाचे दोन थेंब घालत जा, आम्हाला बरे वाटते. आणि कधी आमच्या कडीत कोणी हिरवे पान खोचलेले दिसले, तर ते लगेच काढून टाकू नका. थोडा वेळ मिरवू द्या.