रोबोचा सत्कार

माझा नवरा गुरुनाथ हवाई दलातून निवृत्त झाला. आयुष्यभर कवायत केलेल्या माणसाचं हृदय मात्र शिस्त सोडून वागायला लागलं. मधेच धावायचं, मधेच अडखळायचं. सेक्टर ३२ मधल्या सरकारी रुग्णालयातल्या सरदारजी डॉक्टरांनी सांगितलं, की जांघेतल्या शिरेतून नळी घालून हृदयात डाग द्यावे लागतील. "हो जाएगा जी, नंबर लगा दो." माणूस भला होता. पण आम्ही चंदीगडची मराठी माणसं. आपलं माणूस दिसलं की आमची अक्कल रजेवर जाते.

हे आपलं माणूस म्हणजे डॉक्टर प्रणव टिळेकर. इंडस्ट्रियल एरियात, मोटारींच्या दोन शोरूमच्या मधे उघडलेल्या नव्या हॉस्पिटलात तो होता आणि तिथे रोबो आला होता. डॉक्टरने काचेआड खुर्चीत बसून दांडा फिरवायचा, आत रोबोने नळी सरकवायची. "काकू, माझा हात थरथरेल, त्याचा नाही. मी फक्त नावाला," प्रणव म्हणाला. मंडळाच्या गणपतीत तो खड्या आवाजात आरत्या म्हणतो, तेवढ्यावर आम्ही हृदय त्याच्या हवाली केलं.

मराठी मंडळाचे अध्यक्ष नरेशराव तर हवेतच गेले. रोबो चालवणारा मराठी! त्यांनी लगेच सत्कार ठरवला, तोही ऑपरेशनच्याच दिवशी, हॉस्पिटलच्याच सभागृहात, कारण प्रमुख पाहुण्यांना विमान गाठायचं होतं. ऑपरेशन पडद्यावर थेट दाखवायचं, ते झालं की शाल-श्रीफळ, मग जेवण. शाल रुग्णाच्या पत्नीच्या हस्ते. मला विचारलं नाही, कळवलं.

गुरुनाथ खूश. "विनया, यार, ठेवणीतली साडी नेस," असं स्ट्रेचरवरून सांगून तो आत गेला.

मी पहिल्या रांगेत बसले. पडद्यावर माझ्या नवऱ्याचं हृदय गुलाबी-निळ्या रंगांत हलत होतं आणि मागे कोणीतरी श्रीखंडाची चौकशी करत होतं. चार शिरांच्या तोंडांशी डाग द्यायचे होते. पहिली शीर झाली, टाळ्या. दुसरी झाली, टाळ्या. मग पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, नरेशरावांनी पाहुण्यांकडे पाहिलं आणि पडदा काळा झाला.

"वेळेअभावी आपण इथेच थांबू या," नरेशराव माइकवर म्हणाले.

पाच-दहा मिनिटांत प्रणव सूट घालून व्यासपीठावर हजर. केससुद्धा विंचरलेले. माझ्या हातात शाल आणि नारळ देऊन मला पुढे ढकलण्यात आलं.

"चारही झाल्या?" मी विचारलं.

"दोन राहिल्यात, काकू. पण टेन्शन नको, आत रोबो आहे ना." हसून त्याने खांदे पुढे केले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "काम तो करतोय तर शाल त्यालाच घालते," मी म्हणाले. माइक चालूच होता. मी व्यासपीठावरून उतरले आणि सरळ लिफ्टकडे निघाले. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

वर काचेपलीकडे गुरुनाथ बेशुद्ध पडला होता. रोबोचा हात त्याच्यावर जागच्या जागी थांबलेला. चालवणारी खुर्ची रिकामी, तिच्याशेजारी कंपनीचा इंजिनिअर मोबाइलमध्ये क्रिकेट बघत होता. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई दारात येऊन ओरडल्या, "टिळेकर साहब कहाँ हैं? पेशंट को कब तक ऐसे रखूँ?"

गुरुनाथ आता जाईल असंच मला वाटलं.

मागून प्रणव धापा टाकत आला. "काकू, इथे शाल-नारळ चालत नाही."

"खुर्चीत बस," मी म्हणाले.

"पाहुणे निघालेत, फक्त एक फोटो..."

"बस म्हणते ना!"

कोट काढून तो बसला आणि त्याने दांडा हातात घेतला. आत रोबोचा हात हलू लागला. प्रणवच्या मागे स्टूल ओढून मीही बसले. नरेशराव दोनदा बोलवायला आले आणि माझं तोंड बघून परत गेले. तिसऱ्या शिरेनंतर प्रणवने हळूच मान वळवली.

"पुढे बघ," मी म्हणाले.