कलमा पांढुर्ण्याच्या

पट्टीचं टोक सुटलं होतं. बोटभर लांबीची निळसर प्लास्टिकची पट्टी, जंभेरी लिंबाच्या खुंटाभोवती घट्ट वेढे घालून बांधलेली, आणि त्या वेढ्यांच्या आत संत्र्याच्या झाडावरून काढून बसवलेला तो एक डोळा… तांदळाच्या दाण्याएवढा. जगला की वाळला हे बाहेरून कळत नाही. आणि दीपालीचा अंगठा त्या सुटलेल्या टोकावर जाऊन थांबला होता, ओढत नव्हता, नुसता थांबला होता. दुसऱ्या हातात फोन. फोनवर तोच कालचा प्रश्न, परवाचाही तोच – पांढुर्णा भागात संत्र्याच्या खात्रीच्या कलमा कुठे मिळतील?

एआय विचार करत होता. म्हणजे ते तीन ठिपके नाचत होते. मग ओळी उमटल्या, शिकलेल्या माणसाच्या शांतपणाने, घाई नाही, अडखळणं नाही – कृष्णाई नर्सरी, परिसरातली जुनी आणि नावाजलेली. संस्थापक स्वतः कलमांचे डोळे भरण्यात निष्णात होते… मग आणखी दोन नावं. मग लागवडीसाठी शुभेच्छा.

सातपुडा नर्सरी, त्यांची स्वतःची, नव्हती. आजही नव्हती.

"त्या पट्टीचा नाद सोड," वाफ्याच्या दुसऱ्या टोकाकडून बाबा ओरडले. "मरन तो डोळा! पाह्यल्यानं जगत असते का?"

तिने अंगठा काढला. फोन मात्र खाली गेला नाही. स्वतः डोळे भरण्यात निष्णात… अरे हरामखोरांनो. तिला ते वाक्य कुठून आलं ते माहीत होतं. कृष्णाईच्या वेबसाइटवर एक जुना फोटो आहे, पांढऱ्या टोपीतला मालक चाकू हातात घेऊन हसतो आहे, चाकू पाती उलटी करून धरलेला, कारण जन्मात कधी धरलाच नव्हता. आणि खालच्या कोपऱ्यात, फोटो कापताना राहून गेलेला एक हात, खुंट सरळ धरून ठेवणारा. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. तो अंगठा तुळशीराम सोमकुवरचा आहे. माझ्या बापाचा. अर्धं आयुष्य त्या वाफ्यांत बसून त्यांनी डोळे भरले, बाहेरगावचे खरेदीदार जीपने आले की मालक म्हणायचा, तुळशीराम, जरा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं जाऊन बस. आणि आता त्या सगळ्यावर एक यंत्र गोड आवाजात शिक्का मारतं आहे. यंत्राला काय दोष द्यायचा? त्याने जे लिहिलेलं होतं ते वाचलं. लिहिलं कोणी?

तिने फोन ओढणीच्या टोकात गुंडाळला आणि सौसरची बस धरली.

खिडकीबाहेर संत्र्याचे बगीचे, मग कापसाच्या पऱ्हाट्या, मग पुन्हा बगीचे. या बगीच्यांतल्या कितीतरी झाडांच्या बुडाशी बाबांची गाठ आहे, आणि तरीही यंदा बुकिंग नव्हतं. आणि यंदाचा माल तिच्या शब्दावर होता. बाबा म्हणाले होते, दरवर्षीइतकंच लावू. तीच म्हणाली होती, वेबसाइट आहे आता, राजस्थानचे लोक, बैतुलचे लोक फोनवर विचारूनच कलमा घेतात, शेजारचं शेत भाड्याने घ्या. घेतलं. आणि पिशव्यांच्या रांगा आता पार विहिरीपर्यंत गेल्या होत्या. जुलैत लागवड, त्याआधी बुकिंग आलं नाही तर कलमा पिशवीतच वाढत राहणार, मूळ पिशवीच्या तळाशी गोल गोल फिरायला लागणार, स्वतःभोवतीच वेटोळं घालणार, आणि एकदा मूळ तसं फिरलं की ते झाड कितीही चांगल्या जमिनीत लावा, ते आयुष्यभर पिशवीतच राहतं. अशी झाडं बाबा विकत नाहीत. जाळतात. मागच्या वर्षी उरलेली थोडी जाळली तेव्हा ते बराच वेळ तिथेच उभे राहिले होते, धुरात.

जामसावळीच्या फाट्यावर हनुमानाचे भाविक उतरले, बस हलकी झाली. ती हलकी झाली नाही.

अंकुरचं कॉम्प्युटरचं दुकान सौसरच्या बसस्टँडसमोर. तिच्यासोबत कॉलेजात होता, पोरगा मनाचा वाईट नाही, हेच तर अवघड. सुरुवातीला त्यानेच हसून सांगितलं होतं की तुझी सगळी वेबसाइट म्हणजे पॅम्फ्लेटचे फोटो आहेत, फोटोतलं लिहिलेलं त्या एआयच्या कामाचं नाही, साधं लिहून काढ. तिने लिहून काढलं. खुंट कोणता, डोळा कोणत्या झाडाचा, चांगली कलम कशी ओळखावी, मूळ कसं पाहावं – लोक जसे विचारतात तसे प्रश्न आणि बाबा जशी देतात तशी उत्तरं, मराठीत आणि हिंदीतही. तरी नाव येत नव्हतं.

"सापडलं," अंकुर खुर्ची फिरवत म्हणाला. "तुमची गडबड सापडली मले. बस. चहा सांगू?"

"आधी सांग."

"हे पाह्य. नकाशावर नर्सरीचं नाव सातपुडा, ऑफिसचा पत्ता पाण्याच्या टाकीजवळ. लायसनवर तुळशीराम सोमकुवर, पत्ता बुद्धविहारामागे. आन वेबसाइटवर नुसती दीपाली, पत्ताच नाही. त्या एआयले वाटून राहिलं हे तीन अलग अलग लोक आहेत. भरोसा कोणावर करंल तो? सगळीकडे एक नाव, एक पत्ता, एक माणूस पाहिजे. कोण आहे, कुठं राहते, कधीपासून करून राहिला… मंग तो नाव घेते."

ती स्क्रीनकडे बघत राहिली. तीन माणसं. तीन तुकडे. आणि प्रत्येक तुकडा तिने स्वतःच्या हाताने कापला होता, विचार करून, हुशारीने – नकाशात विहार नको, टाकी लिही. वेबसाइटवर आडनाव नको, दीपाली पुरे. लायसन तेवढं कापता आलं नव्हतं, ते सरकारी. गावातल्या लोकांना काय, सगळ्यांना सगळं माहीत आहे. पण राजस्थानातल्या झालावाडचा माणूस फोनवर नाव विचारतो, मग पूर्ण नाव विचारतो, मग 'म्हणजे कोण लोक?' विचारतो, आणि मग घरी विचारून सांगतो म्हणतो, आणि त्याचं घर कधीच उत्तर देत नाही. हे एकदा झालं, दोनदा झालं. मग आपणच शिकलो. बाबा घरी फोन उचलला की जय भीम म्हणतात आणि नर्सरीत उचलला की 'हां, बोला'. समोरचा राम राम म्हणाला तरी 'हां, बोला'. मला लहानपणी वाटायचं, नर्सरीत बाबांना घाई असते.

"मंग सगळीकडे टाकी करून टाकू?" अंकुर विचारत होता. "टाकी बी जवळच आहे ना? आन नाव दीपाली तुळशीराम. मस्त वाटते, साउथवाल्यासारखं."

"आणि लायसन?"

"ते कोण पाह्यते वं."

"तोच पाह्यते ना. तूच त सांगून राहिला."

तो हसला, मग हसणं थांबलं, कारण ती हसत नव्हती. त्याने माऊस उगाच हलवला. "मी तुह्या भल्यासाठी बोलून राहिलो," तो हळू आवाजात म्हणाला. आणि ते खरं होतं, म्हणूनच तिला ते टेबल उलटं करावंसं वाटलं. माझं भलं म्हणजे पाण्याची टाकी!

"आनखी एक," तो म्हणाला. "दुसऱ्या लोकायनं बी नाव घ्यायला पाहिजे. गिऱ्हाइकायनं लिहिलं पाहिजे, की कलमा इथून घेतल्या, चांगल्या निघाल्या. एक बी नाही लिहिलेलं. पाहिजे त मी बनवून देतो दहा-पंधरा…"

"बनवून नको. खरे आहेत ना गिऱ्हाईक."

खरे होते. एक तर बसस्टँडवरच भेटला. लोधीखेड्याचे भगवंतराव, बियाण्याच्या थैल्या पायाशी, उसाचा रस पीत उभे. दोनदा बगीचा लावला, दोन्ही वेळा कलमा बाबांच्या. तिला पाहून त्यांनी खरोखर आनंदाने हाक मारली.

"अवं दीपाली! ये, रस घे. तुह्या बाबाचा हात म्हणजे सोनं हाय पोरी. एक कलम नाही मेली माही. मुळापासून चकाचक."

तिने ओढणीच्या टोकातून फोन सोडवला. "काका, हेच दोन ओळीत लिहून द्या ना. फोनवर. मी सांगते कसं. तुमचं नाव, गाव, आन कलमा सातपुडा नर्सरीच्या, तुळशीराम सोमकुवर यायच्याकडून घेतल्या, एवढंच."

ते हसले. रसाचा घोट घेतला. मग दुसरा घेतला.

"मी तोंडी सांगतोच ना सगळ्यायले! येणारे जाणारे विचारून राहिले, भगवंतराव, कलमा कुठच्या? मी छाती ठोकून सांगतो – पांढुर्ण्याच्या!"

"पांढुर्ण्याच्या कोणाच्या, असं नाही विचारत?"

"विचारते ना."

"मंग?"

भगवंतरावांनी ग्लास गाडीवर ठेवला, मिशा पुसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही धड नव्हती, नुसती गैरसोय होती, चपलेत खडा गेल्यासारखी. "आता तुले काय सांगू बाई… घरात म्हातारी हाय, भाऊबंद हाय. झाड तं झाड असते, मी मानत नाही काही. पण लिहिण्यात माहं नाव नको टाकू. पाह्यजे तेवढे गिऱ्हाईक पाठवतो मी तुह्याकडं. पाठवले का नाही? सांग!"

पाठवले होते. ते खोटं बोलत नव्हते. बैलगाडीने, टेम्पोने, ट्रॅक्टरने लोक येत होते, माल उचलत होते, आणि रस्त्याला लागल्या क्षणी त्या कलमा पांढुर्ण्याच्या होत होत्या – पांढुर्ण्याच्या मातीच्या, हवेच्या, पाण्याच्या, कोणाच्याच नाही. बाप गाळून. आणि हा माणूस बाबांना लग्नाची पत्रिका द्यायला घरी आला होता, दारात उभं राहून दिली होती, चहा झाला आहे म्हणाला होता… त्या दिवशी आई किती वेळ पातेल्यातला चहा ढवळत बसली होती.

"रसाचे मी देतो," भगवंतराव म्हणाले.

"नको," ती म्हणाली. आणि ते 'नको' इतकं मोठ्याने निघालं की रसवाल्याने मशीन थांबवून पाहिलं.

परतीच्या बसमध्ये तिने फोन काढला नाही. काढावासा वाटला, सवयीने, जिभेने दुखऱ्या दाताकडे जावं तसा. काय विचारायचं? तो तेच सांगणार. या भागात त्याला काय माहीत आहे – कृष्णाई माहीत आहे, गोटमारीची जत्रा माहीत आहे. त्याला आपण माहीत नाही कारण त्याला सांगणारे आपल्याला गिळून बसले आहेत; आणि – हे बस तिगावच्या वळणावर आली तेव्हा तिच्या मनात आलं आणि मग जागचं हललं नाही – आणि आपणही. भगवंतराव म्हणतात पांढुर्ण्याच्या. मी म्हणते टाकीजवळ. काय फरक आहे? त्यांना त्यांची म्हातारी आहे, मला माझ्या पिशव्या. दिवसभर मी त्या यंत्राला विचारते आहे, मी आहे का, मी आहे का, आणि त्याने शोधायला यावं म्हणून दाराची कडी आतून घालून बसले आहे.

बाबा वाफ्यावरच होते. ऊन उतरलं होतं. गुडघ्यांवर गोणपाट, तोंडात पट्टीचं टोक धरलेलं, चाकू चालला होता – उभी चीर, आडवी चीर, साल उचलली, डोळा सरकवला, वेढा, वेढा, गाठ. ती शेजारी बसली.

"काय म्हने तो तुहा अंकुर?"

"म्हणते, पूर्ण नाव टाकावं लागते. सगळीकडे एकच. पत्ता बी. विहाराचा."

चाकू थांबला नाही. "टाकल्यानं काय होते?"

"मशीन नाव घेईल. म्हणजे… घेऊ शकते. नक्की नाही."

"आन लोक?"

तिने बाजूच्या पट्ट्या सरळ करायला घेतल्या. बाबांनी तोंडातली पट्टी काढली, बांधली, दात लावून टोक तोडलं.

"नको टाकू," ते म्हणाले. "यंदाचा माल मोठा हाय. निंगू दे एकदा. मंग पुढच्या साली पाहू." मग थोड्या वेळाने, दुसऱ्या खुंटाकडे सरकत, जणू दुसऱ्याच कशाबद्दल – "तो फोटो हाय ना वं अजून? त्यायच्या त्या साइटवर?"

"आहे."

"दाखव बरं."

तिने काढून दिला. त्यांनी फोन हातभर लांब धरला, डोळे बारीक केले; मालकाकडे पाहिलं नाही, थेट कोपऱ्यात गेले. मातीने भरलेला अंगठा काचेवरच्या त्या अंगठ्याशेजारी आला. चीर तीच. फक्त आता रुंद झालेली.

"चाकू उलटा धरला होता भाड्यानं," ते म्हणाले आणि खळखळून हसले. हसता हसता खोकला लागला, आणि खोकत खोकत ते पाणी पाहायला विहिरीकडे गेले. नको टाकू हे त्यांनी परत म्हटलं नाही. मागेही घेतलं नाही.

ती बसून राहिली. पान उघडलं, आमच्याविषयी. नुसतं 'दीपाली' होतं ते खोडलं, पत्ता लिहिला. बुद्धविहारामागे. दीपाली तुळशीराम सोमकुवर. अक्षरं कशी आहेत पाहिलं तिने. साधीच होती. खाली 'प्रकाशित करा' असं बटण, आणि अंगठा त्यावर जाऊन थांबला, सकाळसारखाच… पण सकाळसारखा नव्हता. धास्ती तिथेच होती, फक्त तिने तोंड फिरवलं होतं. सकाळी भीती होती की कोणालाच सापडणार नाही. आता तो माणूस स्पष्ट ऐकू येत होता, झालावाडचा की बैतुलचा, कलमांचा भाव विचारणारा, पान वाचता वाचता मध्येच गप्प होणारा. त्या गप्प होण्याची लांबी ऐकू येत होती, त्यामागे घरातला टीव्ही, कोणीतरी मुलाला हाक मारणारं. आणि मग तो म्हणणार, घरी विचारून सांगतो.

विचारा की, ती मनात म्हणाली. मी थांबते ना फोनवर. विचारा.

तिच्या लक्षात आलं की आपण त्या फोनची वाट पाहतो आहोत – कलमा विकल्या जाव्यात म्हणून नव्हे, बटण अजून दाबलंही नाही तरीसुद्धा – तो एकदाचा यावा, आजच यावा, आणि उचलल्यावर पहिला शब्द आपण बोलावा, बाबा फक्त घरी बोलतात तो.