राणीच्या अंगाखालची गोधडी

मी एक जुनी गोधडी आहे. माझं गाव खापा, मालकीण शामलाबाई, आणि माझ्यावर झोपणारी राणी ही अस्सल लॅब्राडोर कुत्री. मित्रांनो, राणीची सात पिल्लं माझ्याच अंगावर जन्मली. राणी झोपेत पाय हलवायची, तेव्हा मलाही आपण कन्हान नदीच्या वाळूत पळतोय असं वाटायचं. गोधडी बापडी कुठे पळणार म्हणा!

पिल्लं महिन्याची झाली तेव्हा नागपूरच्या धरमपेठेतून संघपालभाऊ आणि त्यांची लेक मिनल आले. मिनलचा वाढदिवस जवळ आलेला, म्हणून त्यांना पिल्लू लगेच हवं होतं. शामलाबाईंनी आधी राणीला भेटवलं, तिच्या तपासण्यांचे कागद दाखवले, मग घरी दिवसभर कोण असतं इथपासून त्यांचीच उलटतपासणी घेतली. पिल्लू मात्र दिलं नाही.

"दोन महिने पुरे होऊ द्या, भाऊ. मायपासून आधी तोडलं तर ते भित्रं होते."

मिनलचं तोंड एवढंसं झालं. तरी ती दर रविवारी यायची आणि पिल्लांतला सगळ्यांत मागे राहणारा काजू तिच्या मांडीत झोपायचा.

न्यायच्या दिवशी शामलाबाईंनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे माझा एक कोपरा फाडून काजूबरोबर दिला. मला दुखलं नाही. मी एकाच वेळी दोन घरी नांदू लागले.

तिसऱ्या दिवशी सगळे परत दारात. डॉक्टर म्हणाले होते आजार नाही, पण काजू अन्नाला तोंड लावत नव्हता. आता तो इथेच ठेवावा लागणार, या धास्तीनं मिनलचा चेहरा उतरला होता. माझ्या तुकड्याला साबणाचा घमघमाट येत होता.

"हा धुतला काहून वं, पोरी?"

"घाण वास येत होता," मिनल पुटपुटली.

"त्याच वासात त्याले झोप लागत होती, बाई."

शामलाबाईंनी माझ्या ऐन मधला, राणीच्या पोटाखालचा तुकडा फाडला. काजूनं त्यात नाक खुपसलं, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळानं मिनलच्या हातून भात खाल्ला. तो तिच्याबरोबर परत गेला.

इकडे पिल्लं गेल्यावर राणी माझ्या भोकाभोवती हुंगत फिरायची. मला तिची फार दया यायची. दोन महिन्यांनी मिनल आली. तिनं तो मळका, न धुतलेला, आता काजूचा वास लागलेला तुकडा माझ्या भोकावर ठेवला. राणीनं तो हुंगला आणि त्यावर डोकं टेकवून ती गाढ झोपली.

मित्रांनो, पिल्लू आणायला जाल तेव्हा आधी त्याची माय पाहा. आणि नंतर तिला विसरू नका.