उजव्या सोंडेचा छाप

"कला कुणापुढेही वाकत नाही!" शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आपल्या बेसमेंटमध्ये गुरुदत्त करमरकरांनी गर्जना केली. त्या वेळी ते वॉशिंग मशीनखाली गेलेली कोरणी काढायला जमिनीला नाक लावून ओणवे झाले होते.

हे इंजिनिअर १९८५ साली रिटायर झाले आणि कम्युनिटी कॉलेजच्या क्लासात त्यांनी तीनशे वर्षांपूर्वीची, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली युरोपातली संतचित्रं पाहिली. ढग फाडून उजेडाचे भाले येतायत, घरात वारा नसताना वस्त्रं उडतायत! माणूस खुळावलाच. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला असाच गणपती करायचा म्हणून त्यांनी सहा महिने रेघेला रेघ लावत पत्रा कोरला. सोंड अर्थातच डावी.

कागदावर ती उजवी झाली. छाप उलटा येतो, हे तीस वर्षं ड्रॉइंगं तपासलेला माणूस विसरला होता.

उत्सवाच्या सकाळी, चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये, मंडळाची अध्यक्ष वसुधा चित्र बघून दोन पावलं मागे सरली.

"काका, उजव्या सोंडेचा? तो कडक असतो, सोवळं लागतं! इथे लोक पेपरोनी पिझ्झा खाऊन येतात. हे कॅन्सल करू या. मागच्या वर्षीचं कॅलेंडर लावू."

"त्यावर इन्शुरन्स एजंटाचा फोन नंबर आहे!"

"तो हारामागे जातो."

"अगं, त्या जुन्या कारागिरांचे कितीतरी संत छापात उलटून डाव्या हाताने आशीर्वाद देत बसले. लोकांनी घेतलाच ना?"

"त्यांना सोवळं नसतं, काका."

"सोवळंच हवंय ना? मी पाळतो!"

तासाभरात काका आंघोळ करून, मुकटा नेसून, उघड्या अंगाने पार्किंग लॉट ओलांडून आले. चित्र चौरंगावर ठेवलं आणि समोर मांडी ठोकली.

"आरतीपर्यंत पाणीसुद्धा घेणार नाही. ज्याला हे चित्र हलवायचंय, त्याने आधी मला उचलावं."

काकांचं वजन बघता कुणी पुढे आलं नाही. उलट लोक चपला काढून रांगेत उभे राहिले. पिझ्झावाले तर गुपचूप चूळ भरून आले. शेवटी वसुधाने कॅलेंडर गुंडाळलं आणि ती हात जोडून पुढे आली.

काकांनी एक डोळा उघडला. सगळा हॉल पुढे झुकला.

"वसुधा," ते दात वाजवत म्हणाले, "तेवढा एसी जरा कमी करतेस का?"