ओळंब्याच्या डोळ्यातला बुडबुडा

मी बुडबुडा बोलतोय. हसू नका. मी साबणाचा नाही आणि सोड्याच्या बाटलीतलाही नाही. मी माणसाच्या डोळ्यात राहतो, अगदी मागच्या खोलीत, आणि तिथे मला जबाबदारीचं काम आहे. माझ्या जातीला आयुष्य थोडं, तेव्हा मधे मधे थांबवू नका.

माझा जन्म लोखंडी नळकांड्यात झाला. तिथे आम्ही वायू नुसते कोंबलेले, एकमेकांच्या उरावर बसलेले. एका सकाळी नर्सबाईंनी तोटी सैल केली, आमच्यातला थोडासा सिरिंजमध्ये ओढला, त्यात गाळलेली हवा मिसळली आणि मी तयार झालो. कौतुक करायला कुणाला फुरसत नव्हती. टेबलावर एक माणूस झोपला होता आणि डॉक्टरीण बाई त्याच्या उजव्या डोळ्यावर वाकल्या होत्या.

हा माणूस गवंडी. साइटवर सगळे त्याला ओळंबा म्हणतात. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ उभी आहे की नाही ते दाखवणारं. या गृहस्थाला ते कधी लागलंच नाही. डावा डोळा मिटायचा, उजव्याने भिंतीच्या कडेला बघायचं आणि ‘सरळ’ किंवा ‘पाड’ एवढंच बोलायचं. नेमक्या त्याच उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक पडलं होतं.

बाईंचं काम मी सिरिंजमधूनच पाहिलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक बारीक छिद्रं पाडून त्यांनी आतला जेलीसारखा गर काढून घेतला. मग भोकाभोवतीचा एक पापुद्रा चिमट्याने सोलला. कांद्याचा पापुद्रा त्याच्यापुढे गोणपाट वाटेल! शेवटी गराच्या जागी भरलेलं पाणी काढलं आणि त्या जागी मला सोडलं.

“काका, आत बुडबुडा ठेवलाय,” बाई म्हणाल्या. “भोकाच्या कडा जुळेपर्यंत तो पडद्याला आधार देईल.”

“म्हणजे सेंटरिंग लावलंत म्हणा की,” ओळंबा म्हणाला. स्लॅब पक्का होईपर्यंत खालून फळ्या आणि टेकू लावतात, तेच हे सेंटरिंग. मला ही पदवी फार आवडली.

“अगदी तसंच. फक्त बुडबुडा नेहमी वर जातो, आणि आपल्याला तो मागच्या पडद्याला टेकायला हवाय. म्हणून मान खाली घालून राहायचं. बसताना, जेवताना, झोपताना. मान वर केलीत की आधार सुटला. मग दृष्टीचं मी काही सांगू शकणार नाही.”

इथेच तर सगळी गोची होती. ओळंब्याने जन्मात कुणापुढे मान खाली घातली नव्हती. मुकादमापुढे नाही, इमारतीच्या मालकापुढेही नाही. दारावरची बेल वाजली की मान वर, शेजाऱ्याचा आवाज आला की मान वर! मी पडद्यावरून घसरून बुबुळाकडे यायचो आणि जीव मुठीत धरून बसायचो. मग त्याची बायको ओरडायची, “मान!” आणि मी परत जागेवर.

“लग्न झाल्यापासून माझ्यापुढे कधी घातली नाहीत,” ती म्हणाली. “आता या बुडबुड्यापुढे घाला.”

बायको मोठी फटकळ, पण हुशार. तिने टेबलाच्या कडेबाहेर येईल अशी, मधे भोक असलेली उशी बांधली, त्यात त्याचं तोंड बसवलं आणि समोर सरबत ठेवून त्यात नळी घातली. त्याला दिसायची ती फक्त जमीन. “ही फरशी कुणी बसवली? सांधे बघ कसे भरलेत!” असं दिवसभर चालायचं. ज्याने ती बसवली त्याचं नाव मात्र तो घेत नव्हता, आणि बायकोने ते बरोब्बर हेरलं.

“तुमच्याच भावाने बसवली,” ती म्हणाली. “आणि सांधे छान आहेत. त्याच्या त्या भिंतीसारखेच.”

ओळंब्याने नळी ओठात धरली आणि सरबत ओढायला सुरुवात केली.

“भिंत सरळ होती हे तुम्हाला डॉक्टरीण बाईंनी भोक दाखवलं तेव्हाच कळलं. मग एक फोन करायला काय हात मोडले होते?”

असा सगळा प्रकार होता. धाकट्या भावाने पहिल्यांदा एकट्याच्या हिमतीवर भिंत बांधली होती. याने चांगला डोळा मिटला, बिघडलेल्याने पाहिलं, तर भिंत मधेच फुगलेली. भावाने ओळंबा लावून दाखवला, तर याला दोरासुद्धा वाकडा दिसला! “दोरा वाऱ्याने हलतोय,” म्हणाला, आणि सगळ्या मजुरांसमोर भिंत पाडायला लावली. तेव्हापासून भाऊ दुसऱ्या साइटवर, आणि बोलणं बंद. पडद्याला भोक पडलं की सरळ रेघा वाकड्या दिसतात, हे बिचाऱ्याला कुठे ठाऊक होतं? पण कळल्यावरही तोंडातून शब्द निघेना, त्याचं काय करायचं?

फोन शेवटी बायकोनेच केला. दुपारी दार वाजलं आणि उशीच्या भोकातून दोन पाय दिसले. सिमेंटने चिरलेल्या टाचा, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. ओळंब्याने ते पाय लगेच ओळखले.

“या भाऊजी,” बायको म्हणाली आणि मुद्दाम आत निघून गेली.

ओळंब्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. समोर कुणी उभं असेल तर त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायची जुनी खोड! मान हळूहळू वर यायला लागली आणि मी घसरायला लागलो. पडद्याच्या भोकाच्या कडा आत्ता कुठे एकमेकींजवळ येत होत्या. अरे बाबा, नको रे, मी आतून कळवळलो. माझं ऐकतंय कोण?

मान अर्ध्यावर थांबली. मग सावकाश खाली गेली.

“भिंत सरळ होती,” ओळंबा जमिनीकडे बघत म्हणाला.

“काय?”

“ऐकलंस की. भिंत सरळ होती. वाकडा माझा डोळा होता.”

पाय जागचे हलले नाहीत. “सगळ्यांसमोर पाडलीस, दादा. लोक हसत होते मला.”

“हो. पाडली. चुकलं माझं.”

“आणि हे आता फरशीला सांगतोयस?”

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. तो धिप्पाड गडी खाली बसला, पाठीवर आडवा झाला आणि सरपटत सरपटत टेबलाखाली शिरला. उशीच्या भोकाच्या बरोबर खाली त्याचं तोंड आलं. केसांत चुना, मिशीत घाम.

“हां. आता तोंडावर सांग.”

ओळंब्याने परत सांगितलं. सांगताना आवाज फुटला आणि एक थेंब टपकन भावाच्या नाकावर पडला.

“शी, दादा!”

“औषध आहे ते. डोळ्यात घालतात.”

“औषधच, औषधच,” भाऊ म्हणाला. त्याचे स्वतःचे डोळेही औषध न घालताच भरले होते. मग दोघं असे हसत सुटले की मी आत गदागदा हललो, पण पडदा काही सोडला नाही. बायको धावत बाहेर आली. “डोळ्याला हात लावू नका! आणि भाऊजी, तुम्ही टेबलाखाली काय करताय?”

त्यानंतर मान सांभाळायला कुणाला ओरडावं लागलं नाही. भाऊ रोज यायचा, टेबलाखाली चटई टाकून पडायचा आणि साइटवरच्या गप्पा सांगायचा. मी दिवसेंदिवस रक्तात विरत झिजत गेलो. डॉक्टरीण बाईंनी तपासून सांगितलं, “भोक बंद झालं! मान वर करा, काका.” मग त्यांनी चौकटी आखलेला कागद दाखवला. मधली एक रेघ अजून किंचित वाकत होती. ती हळूहळू सरळ होईल, कदाचित थोडी तशीच राहील, असं त्या म्हणाल्या. ओळंब्याने तक्रार केली नाही.

आता मी तिळाएवढा उरलोय. वाईट वाटत नाही. स्लॅब पक्का झाला की सेंटरिंग काढतातच. जाता जाता तुम्हाला एक मागणं: कधीतरी आळीपाळीने एकेक डोळा मिटून दाराच्या चौकटीकडे बघा. वाकडी दिसली तर सुताराला शिव्या देण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

आत्ता आम्ही साइटवर उभे आहोत. भावाने नवी भिंत कमरेपर्यंत आणलीये. मजूर कामं थांबवून बघताहेत. ओळंब्याने सवयीने डावा डोळा मिटला, म्हणून मी अंग चोरून कडेला उभा आहे. तो बराच वेळ बघतोय.

“मला जरा वाकडी दिसतेय,” तो म्हणाला.

भावाच्या हातातली थापी तशीच थांबली.

“म्हणजे सरळ असणार. चढव पुढचा थर.”

भाऊ हसला आणि त्याने विटेवर थापीभर सिमेंटचा माल पसरला. मला आता जायला हरकत नाही.