छपराखालचा रस्ता

माझ्या दोन भावांना आपलं घर केवढं आहे हे कधीच धड सांगता आलं नाही. भांडताना ते राजवाड्याएवढं असायचं आणि आईला ठेवून घ्यायची वेळ आली की कोंबड्यांच्या खुराड्याएवढं. थोरला केसरीनाथ, धाकटा नामा. मी मधली, वैशाली. लग्न होऊन भिवंडीत गेले, दापोड्याच्या गोडाऊनात पार्सलं स्कॅन करते, आणि सुट्टी मिळाली की काल्हेरच्या मागच्या आमच्या गावात जाऊन या दोघांची तोंडं बघते. बघावीशी वाटतात म्हणून नव्हे. आई तिथं आहे म्हणून.

घर बाबांनी बांधलेलं. एका ओळीत तीन खोल्या. बाबा गेले, भाऊ वेगळे झाले. डावी खोली केसरीनाथची, उजवी नामाची, आणि दोघांनी आपापल्या अंगाला पुढेमागे वाढवून घेतलं. मधली आईकडं राहिली. वाटण्या करायला बसलेल्या गावच्या चार मोठ्या माणसांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, मधली खोली जो घेईल त्यानं आईला शेवटपर्यंत सांभाळायचं. झालं! त्या दिवसापासून त्या खोलीचं नाव कुणी काढलं नाही. बोटभर भिंतीवरून एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे हे मर्द, अख्खी खोली समोर असताना मूग गिळून बसले.

त्या खोलीचं पुढचं दार कुणाच्या ओट्यावर उघडतं, यावरून एकदा डोकी फुटायची वेळ आली. तेव्हा दोघांनी मिळून ते दारच विटांनी चिणून टाकलं. जन्मात एकत्र येऊन केलेलं पहिलं काम ते. दुसरं काम छपराचं. कौलं गळायला लागली, आणि पत्रेवाल्यानं सांगितलं की तिन्ही खोल्यांवर एकच लांब छप्पर टाकलं तर स्वस्तात पडेल. मग काय, वैर गेलं चुलीत! वर एक निळं छप्पर, खाली दोन चुलींची दोन तोंडं. आईची चूल तर त्यांनी आधीच विझवली होती. सकाळच्या चहाला डाव्या दारातून केसरीनाथकडं, रात्रीच्या जेवणाला उजव्या दारातून नामाकडं. बाहेर पडायचं तरी कुणाच्या तरी घरातून.

आईला काचबिंदू. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. पण घरात ती कधी अडखळत नाही. पलंगाची दांडी, देवाची फळी, खांब, मग दाराची चौकट, असा तिचा हात चालतो आणि मागून ती. माझ्या भावजया मुद्दाम स्टूल मधे सरकवून ठेवतात आणि वर म्हणतात, म्हातारीला दिसत न्हाय पण फिरायची हौस केवढी! मी काही बोलत नाही. बोलले तर राहिलेला चहाही बंद व्हायचा.

तर गावात मोजणी आली. ग्रामपंचायतीनं माईकवरून ओरडून सांगितलं, ड्रोन उडणार हाय, वरून फोटो निघणार, ज्याच्या त्याच्या घराच्या मालकीचं कार्ड मिळणार, तवा आपापल्या हद्दीवर चुना मारून ठेवा. मी ड्युटीवर होते, पण पुढच्या सुट्टीत गेले तेव्हा चुना अजून दिसत होता. गाव म्हणजे काय माणसं हो! ज्याचा त्याचा चुना घरातून बाहेर पळत सुटलेला. कुणी गल्ली अर्धी खाल्ली, कुणी शेजाऱ्याचा उकिरडा आत घेतला. एकानं तर हातपंपाला वळसा घालून पंपच घरात घेतला. लाज म्हणून कुणाला नाही.

फक्त आमच्या घरापुढं चुना उलटा गेलेला. केसरीनाथची रेघ मधल्या खोलीच्या भिंतीपर्यंत आली आणि आत वळली. नामाचीही तशीच. मधे आईच्या खोलीएवढी जागा कोरी. मागच्या गल्लीतही तेच. ज्यांनी आयुष्यात कुणाला वीतभर जागा सोडली नाही, त्यांनी हात आखडून चुना मारला होता. मला वाटलं, आईची म्हणून सोडली असेल. माझीही अक्कल बघा.

त्याच दिवशी मोजणीवाल्यांकडची एक मुलगी पडताळणीला आली. क्षितिजा नाव, डोंबिवलीची, डोक्यावर टोपी, हातात टॅब. आमच्या ओट्यावर बसली, शेजारीपाजारी गोळा झाले. तिनं टॅबवर गाव उघडून दाखवलं. वरून गाव कसलं दिसतं! नुसती छपरं. आभाळातून बघणाऱ्याला माणसाचं टक्कल दिसतं, तोंड दिसत नाही. त्यात आमचं निळं छप्पर लांबलचक पसरलेलं.

"आधी सिस्टिमनं हे एकच घर धरलं होतं," क्षितिजा म्हणाली.

"एकच?" केसरीनाथ तडकला. "आमी वेगले हाव! तुमच्या मशीनला डोले न्हायत का?"

"काका, भिंती वरून दिसत नाहीत. म्हणून तर चुना मारायला सांगतो. चुन्यावरून आता दोन घरं केलीत. हे तुमचं, हे तुमच्या भावाचं."

"आणि ही मधली राखाडी पट्टी?" मी विचारलं.

"तो रस्ता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कसला रस्ता?"

तिनं बोटानं दाखवलं. पुढच्या गल्लीतून मागच्या गल्लीत जाणारी, दोन्ही बाजूंना हद्दी असलेली आणि कुणीच न मागितलेली जागा. अशी जागा सापडली की कॉम्प्युटर तिला रस्ता समजतो आणि राखाडी रंग भरतो.

"अगं बाई, त्याच्यावर छप्पर आहे!"

"छप्पर दोन्ही घरांचं मिळून पुढं आलंय असं धरलंय त्यानं."

"त्या रस्त्यावर माझी आई झोपते!" मी ओरडलेच. "तिचा पलंग आहे तिथं. देव आहेत. तुझा कॉम्प्युटर काय पलंगावरून गाड्या नेणार?"

आमच्या गोडाऊनातलं यंत्र याच जातीचं. कुठल्या रॅकवर कुठला खोका, ते चटकन सांगतं. खोक्यात जिवंत कोंबडी कोंबली तरी त्याला पत्ता लागायचा नाही. पण त्या मुलीवर कशाला चिडू? यंत्राला जे दाखवलं ते त्यानं पाहिलं. दाखवणारे ओट्यावर मांडी घालून बसले होते.

क्षितिजानं सरळ विचारलं, "ही मधली जागा तुमची का, केसरीनाथ काका?"

"न्हाय बा."

"मग तुमची?"

नामानं मान हलवली. "आमची न्हाय. आमचा चुना बगा की तुमी."

"नीट विचार करून सांगा. नंतर बदलता येणार नाही."

"सांगितलं ना, न्हाय," केसरीनाथ म्हणाला. नामानंही तेच म्हटलं. शेजाऱ्यांसमोर, तोंड वर करून! आईची खोली माझी नाही, हे म्हणताना दोघांचा आवाज कसा एका सुरात लागला. त्या दोघांचं एकमत ऐकायला बाबा असायला हवे होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. केसरीनाथनं मला कोपऱ्यात ओढलं आणि कानाशी लागला, "तुला काय कलत न्हाय. रस्ता तर रस्ता. आयेला आता कोन उठवतंय? ती हाय तवर राहील. मंग हलूच आपल्याकडं घेता येईल. मला वरती खोल्या काढायच्यात, गोडाऊनातली पोरं भाड्यानं र्‍हायला येतात."

हा गेला, तर पाठोपाठ नामा आला. त्यानंही हळूच तेच सांगितलं, फक्त त्याच्या सांगण्यात खोल्यांऐवजी दुकान होतं. म्हणजे आज मागितली तर आई गळ्यात पडते, आणि आई गेल्यावर फुकटात मिळते. दोघांच्या डोक्यात ती खोली कधीच रिकामी झाली होती, आणि आई आत बसून देवाची भांडी घासत होती. थू!

"ताई," क्षितिजा हळू आवाजात म्हणाली, "रस्ता म्हणून नोंद झाली की तिथं राहणारं माणूस अतिक्रमण ठरतं. उद्या कुणी तक्रार केली तर आजींना उठवतील. कुणाला काही म्हणायचं असेल तर आजच. उद्या मी दुसऱ्या गावाला."

मी आत गेले आणि आईला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ती भांडं पुसत राहिली. मग म्हणाली, "मला भायेर ने. न्हाय, हात नको धरू."

बाहेर जायचं म्हणजे केसरीनाथच्या घरातून. तिचा हात चौकटीवरून कपाटावर, कपाटावरून टीव्हीच्या टेबलावर गेला. वहिनीनं पदर असा आवरला की जणू विटाळ होणार होता. आई ओट्यावर आली आणि उभी राहिली.

"त्या फोटूत मी कुटं हाय?" तिनं विचारलं.

"आजी, फोटोत माणसं येत नाहीत. तुम्ही छपराखाली ना."

"मंग कोन कुटं र्‍हातं, ते तुला कसं कलतं?"

"विचारून."

"मंग मला इचार की गो."

क्षितिजा उठून उभी राहिली. "आजी, मधल्या खोलीत कोण राहतं?"

"मी. लगीन होऊन आले तवापासून."

"जागा कुणाची?"

"माज्या नवऱ्यानं बांधली. पोरांना नको हाय, तर माजी." मग म्हणाली, "माजं नाव लिव, हौसा."

क्षितिजानं टॅबवर बोटानं चार कोपरे टेकवले. राखाडी पट्टी गेली आणि तिथं तिसरं घर झालं. "कुणाची हरकत?" तिनं दोघांकडं बघत विचारलं. हरकत कशी घेतील? आत्ताच सगळ्या गल्लीसमोर जागा नाकारून मोकळे झाले होते. केसरीनाथ उगाच खोकत राहिला.

मुलगी गेली आणि मग यांच्या डोक्यात उजेड पडला. छप्पर एकच. त्याचा मधला भाग आता आईचा, तिच्या होकाराशिवाय एक पत्रा उचलता येत नाही. आणि आईनंतर ती खोली तिघांची, म्हणजे मलाही वाटा. केसरीनाथनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच ड्रोन उडवला होता.

आणि काय सांगू तुम्हाला, दोन्ही दारांतून चहा आला! दुपारी! एरवी सकाळचा कप ठणकन पुढ्यात आपटणारी वहिनी म्हणाली, "आये, साखर बरोबर हाय का बगा." नामाची बायको बशीत बिस्किटं घेऊन उभी.

"आये, आता तुजं वय झालं," केसरीनाथ म्हणाला. "तुजा पलंग आमच्याकडं हलवू. एकटी कशाला र्‍हातेस?"

"आमच्याकडं पंखा हाय," नामा म्हणाला.

इतकी वर्षं आईच्या डोक्यावर पंखा नव्हता, तो याला आज आठवला. मला हसू आवरेना, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

आईनं दोघांचे कप खाली ठेवले. एकाचाही घोट घेतला नाही. "वैशाली," ती म्हणाली, "गवंडी बोलव. ही दोनी दारं चिनून टाक. पुडचं दार फोड."

"आये, अशी काय करतेस!"

"माजं घर हाय," आई म्हणाली. "कुटनं यायचं, कुटनं न्हाय, ते मी सांगनार."

मी गवंडी आणला. खोटं कशाला बोलू, आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या मला. वीट वीट चढत गेली, पलीकडून केसरीनाथचं तोंड अर्धं झालं, मग नुसतं कपाळ राहिलं, मग तेही गेलं. नामानं तर आधीच दार आतून ओढून घेतलं होतं. पुढची भिंत फोडली, आणि खोलीत इतका उजेड आला की आईनं डोळ्यांवर हात धरला. मी तिची चूल मांडून दिली, गॅस आणला, आणि थोडे दिवस तिथंच मुक्काम टाकला. दापोडं जवळच, नवरा कुरकुरला तर कुरकुरू दे.

दुसऱ्या सकाळी मी नव्या दारात बसून भांडी घासत होते, चहा गॅसवर होता. आई उठली. पलंगाची दांडी, देवाची फळी, खांब, असा तिचा हात नेहमीसारखा निघाला आणि डावीकडं गेला, केसरीनाथच्या दाराकडं. तिथं भिंत लागली. हात वर गेला, खाली आला, चौकट जिथं असायची तिथं थांबला. भिंतीपलीकडं टीव्ही चालू होता, कपबशा वाजत होत्या, आणि केसरीनाथ कुणाला तरी मोठमोठ्यानं हसत होता.

कालची माझी सगळी मजा उतरली. भिंतीपलीकडं जाऊन त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं, आणि मी जागची हललेही नाही.

"आये," मी म्हटलं, "दार इकडं हाय."

"ठावं हाय मला," ती म्हणाली, आणि हात काढला नाही.