तांबडी गाडी आणि खोबऱ्याची वाटी

“पायापाशी काय बी ठिवायचं न्हाई! गाडी हाय ती, देव्हारा न्हाई.”

हंबीरराव मिस्त्रींचा हा आवाज अजून माझ्या पत्र्यात घुमतो. लीलाबाई, म्हणजे त्यांची पत्नी, माझ्यात फुलं ठेवू लागल्या की ते असं ओरडायचे.

मित्रांनो, मी एक जुनी तांबडी मोटार आहे. मिरजेत मिस्त्रींच्या गॅरेजमागे, त्यांच्या घराच्या परसात एरंडाच्या झुडपात उभी आहे. पाऊल वाजलं की भंगारवाला आला असं वाटतं.

वीस वर्षं मी एका डॉक्टरांना आजाऱ्यांच्या दारी पोचवलं. मग अडगळीत पडले. तिथून मला बाहेर काढलं ते एका सिनेमानं. सिनेमा हसरा, गाण्यांनी भरलेला. सगळ्यांचा लाडका गायक मल्हार त्यात शर्यतीचा ड्रायव्हर झाला होता. मिस्त्रींनी दोन महिने खपून मला उभं केलं. ब्रेक तर तीनदा उघडून पाहिले. दारावर पांढरा सातचा आकडा रंगवला, तेव्हा सारी गल्ली मला बघायला आली होती.

शूटिंग साताऱ्याजवळ, यवतेश्वरच्या घाटात होतं. लीलाबाईंचा शुक्रवारचा उपवास होता. औंधच्या यमाईचा नारळ त्यांनी माझ्या चाकापुढे फोडला आणि खोबऱ्याची एक वाटी काचेपाशी ठेवली.

“मावशी, तिथं नको, कॅमेऱ्यात दिसतंय,” कुणीतरी म्हणालं.

प्रसाद खाली कसा ठेवायचा? त्यांनी वाटी सीटच्या कडेला खोवली. मिस्त्री तेव्हा खालच्या वळणावर बघ्यांना मागे सारत होते. त्यांना हे दिसलं नाही.

मल्हार हसत बसला. “मावशी, गळा चालतोय माझा. पाय चालतील का?”

“चालतील रं बाबा. आई हाय पाठीशी.”

स्पीकरवर गाणं सुरू झालं. मी उतार धरला. पहिल्याच वळणावर वाटी निसटली आणि घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसली. मला कळलं, पण सांगू कशी? मल्हारनं पाय दाबला. ब्रेक खाली जाईना. पुन्हा दाबला. समोर त्याच खालच्या वळणावर झेंडे घेऊन नाचणाऱ्या पोरी होत्या. त्याच्या ओठांवरचं गाणं तुटलं; स्पीकर मात्र गातच राहिला.

“मिस्त्री, ब्रेक लागंना!”

मिस्त्री हात पसरून पोरींपुढे उभे राहिले. “डोंगराकडं घाल! डोंगराकडं!”

त्यानं चाक फिरवलं. मी मातीच्या दरडीत घुसले.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. माझं तोंड मात्र चेपलं. धडकेत ब्रेकची नळी फुटली, त्यामुळे आधी काय झालं होतं ते कुणाला कळायची सोयच उरली नाही.

“ब्रेक फेल! मिस्त्रीचं कामच कच्चं,” सगळे म्हणाले.

लीलाबाई धापा टाकत आल्या. त्यांना वाटी दिसली. त्यांनी ती पटकन पदराखाली लपवली.

ते दृश्य सिनेमात तसंच ठेवलं आणि सिनेमा चालला. मल्हारचा तो घाबरलेला चेहरा आला की सांगलीच्या थेटरात लोक पोट धरून हसतात म्हणे. मिस्त्री तो बघायला गेले नाहीत. ‘त्यांच्याकडं ब्रेकचं काम देऊ नका,’ असं गावभर झालं. मिस्त्रींना स्वतःच्याच हातांची भीती वाटू लागली. गॅरेजला कुलूप घालून ते साखर कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसतात.

लीलाबाई दर शुक्रवारी मला हळदीकुंकू लावतात. गेल्या शुक्रवारी त्यांनी माझ्या चेपल्या पत्र्यावर कपाळ टेकलं. “बाई, तुला ठावं हाय. माझ्यामुळं झालं. त्येंनी कधी माझा उपास मोडू दिला न्हाई, आन् मी त्येंचं नाव बुडवलं. कसं सांगू? तोंड बघतील का माझं?” मग म्हणाल्या, “येत्या शुक्कारच्या आत सांगते. यमाईची आण.”

मित्रांनो, गाडी धुवावी, पुसावी, हे तुम्ही जाणताच. पण ज्या हातांच्या भरवशावर तुम्ही सुखरूप घरी येता, त्या हातांच्या नावालाही जपा. आपल्या चुकीचा डाग दुसऱ्याच्या अंगावर राहू देऊ नका. भीती वाटली तरी.

आज गुरुवार. दुपारी लीलाबाईंनी मिस्त्रींचा भाकरीचा डबा बांधला. रोज तो शेजाऱ्याच्या सायकलवरून जातो. आज त्यांनी तो कुणाच्या हाती दिला नाही. चपला घातल्या, डोक्यावर पदर घेतला. आणि त्या स्वतःच कारखान्याच्या वाटेला लागल्या.